भालकीकडून आलेली चांदणी

पोरांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी धाकट्याने मला फोनवर निरोप पाठवला. माणसं राहतात ते अंतराळातलं स्थानक संध्याकाळी बीदरवरून जाणार आहे, आज्जी, बाहेर जाऊन नक्की बघ. त्याच्याखाली एक प्रश्न होता, "अक्कामावशीला लहानपणी दिसायचं ना? तिने कधी सॅटेलाइट बघितला होता का?" मी त्या संध्याकाळी बाहेर गेले नाही आणि त्याला उत्तरही पाठवलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवरच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं.

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की तिच्या मोठ्या बहिणीचे डोळे साखरेच्या आजाराने गेले. ती खोटं बोलली म्हणून तिच्यावर रागावू नका. तुम्ही लहान होतात, आणि साखर म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. पण मावशीला साखर नाही. हे लिहायच्या आधी मी, तिच्या आईने, तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग की, अव्वा. तू गेल्यावर कोण सांगणार हाय?" माझं वय झालं आहे, अजून सगळं क्रमाने आठवतं आहे, म्हणून आताच लिहिते.

आधी घरातली नाती सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं माहेर राजेश्वर, आजोळ बीदर. माझं लग्न माझ्या सख्ख्या मामाशी झालं, आईच्या सगळ्यात धाकट्या भावाशी. तेच तुमचे आजोबा. वाचून तुम्ही दचकाल, पण आमच्या भागात तेव्हा त्यात वावगं काहीच नव्हतं. उलट लग्नाचा मामा घरात असताना मुलगी बाहेर दिली तर लोक विचारायचे, पोरीत काय खोट हाय का? मी इंग्रजी शिकलेली, गुलबर्ग्याच्या कॉलेजात जाऊन आलेली, बीदरला मुलींच्या शाळेत शिकवणारी. तरी मलाही त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मामा हसरा होता, माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता, त्याचं घर मला माझ्या घरासारखंच माहीत होतं. बदल एवढाच झाला की माझी आज्जी माझी सासू झाली. सुरुवातीला माझ्या तोंडून "मामा" निघून जायचं आणि आज्जी चुलीपुढून ओरडायची, "अगं ए, नवरा हाय त्यो आता! लेकरं झाल्यावर बी मामाच म्हणणार हायस का?"

आम्हाला दोन मुली झाल्या. थोरलीला सगळे अक्का म्हणायचे. धाकटी तुमची आई.

आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्यानंतरच्या काही वर्षांत बीदरच्या माळावरच्या जुन्या विमानतळावर वैमानिक शिकवायला सुरुवात झाली. शिकाऊ विमानं दिवसभर गावाभोवती घिरट्या घालायची. पहिल्यांदा गावाने कामं सोडून बघितली, मग गावाला त्यांची सवय झाली. तुमच्या आजोबांना ती कधी झाली नाही. त्यांचं कापडाचं दुकान होतं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं, गज कापडावर टेकलेला असायचा, आणि आवाज आला की ते सगळं तसंच टाकून रस्त्यावर जाऊन मान वर करायचे. संतपूरहून येणारा एक म्हातारा शेतकरी त्यांना नेहमी चिडवायचा, "मालक, विमानाला धोतर लागतंय का बघून या आधी. उरलं तर मला द्या."

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते माळवदावर जायचे. घराचं मातीचं सपाट छत, त्याला आम्ही माळवद म्हणतो. मुलीही मागोमाग जायच्या. घरात पूर्व-पश्चिम कोणी म्हणत नसे. दिशा गावांच्या होत्या. उदगीरकडून, औरादकडून, हुमनाबादकडून, जहीराबादकडून, भालकीकडून. "औरादकडून यायलंय" म्हटलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या.

यात अक्का सगळ्यांच्या पुढे होती. आमच्या कानांना काही लागायच्या आधी ती म्हणायची, "पंख्याचं यायलंय." किंवा, "हे जेट हाय, लांब हाय अजून." कधी तर, "अप्पा, ह्यो नवीन शिकायलाय, घाबरायलाय बघा," आणि खरंच ते विमान थोडं डगमगत वळायचं. आजोबा तिला खांद्यावर घेऊन नाचायचे. म्हणायचे, माझ्या पोरीची नजर घारीची हाय. नजरेचं कौतुक व्हायचं, आणि काम तिचे कान करायचे. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. दिवसा तिला दिसतही होतं. पुस्तक वाचायची, सुई ओवायची, रांगोळीचे ठिपके मोजायची. आम्ही संशय घ्यायचा तो कशाचा?

उपग्रहांचं वेड नंतर लागलं. सूर्य बुडून गेल्यावर जमिनीवर अंधारायला लागतं, पण वर खूप उंचावर ऊन असतंच. त्या उन्हात उपग्रह चमकतो आणि एखादी चांदणी जागची उठून चालायला लागल्यासारखा सरळ आकाश ओलांडून जातो. आवाज नाही, लुकलुक नाही. आमच्या घरात त्याला चालती चांदणी म्हणायचे. वर्तमानपत्रात त्याची वेळ क्वचित यायची, बाकी दिवशी नुसतं बघत बसायचं. जो आधी बघेल त्याने ओरडायचं, "आला! उदगीरकडून!" मग बाकीच्यांनी शोधायचा आणि सापडला की म्हणायचं, "दिसला." अक्काही म्हणायची. आजोबांचा हात जिकडे सरकेल तिकडे तिचं बोट हळूहळू सरकत जायचं.

आज्जीची पूजाही त्याच वेळची. ती तिन्हीसांजेला विभूती लावून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि पापणी न हलवता त्याच्याकडे बघत बसायची. लिंगाच्या काळ्या झिलईवर समईचा उजेड ठिपक्याएवढा चमकतो, त्याच्यावर नजर ठेवायची, मग डोळे मिटायचे आणि तो उजेड आत बघायचा. मुलींनाही ती शेजारी बसवायची. पूजा झाली की विचारायची, "उजेड दिसला का गं?" दोघी एका सुरात म्हणायच्या, "दिसला, आज्जी." तुमच्या आईचं सगळं लक्ष गुळाच्या खड्याकडे असायचं, पण तीही दिसला म्हणायची. लेकरांनी तसंच म्हणायचं असतं, अशी ती घराची रीत होती. पूजा आटोपली की मुली पळत माळवदावर.

मला पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट नीट लावून करायची सवय. चौघांनी एकाच बाजूला बघत बसण्यात काही अर्थ नाही, म्हणून एका संध्याकाळी मी आकाश वाटून दिलं. चौघं पाठीला पाठ लावून बसलो. आजोबांकडे उदगीर आणि औरादची बाजू, माझ्याकडे जहीराबाद, तुमच्या आईकडे हुमनाबाद, आणि अक्काकडे भालकी. अक्का तेव्हा तिसरीत होती.

चांदणी त्या दिवशी भालकीकडूनच आली. खूप ठळक होती. अक्काच्या समोरून वर चढली, तिच्या डोक्यावरून पुढे आली, आणि मी जहीराबादकडे बघत बसले होते त्या माझ्या आकाशात उतरली. मी ओरडले. आजोबा वळून हसायला लागले, "अगं अक्का, तुझ्याच दारातून आली की! झोपली हुतीस का?" अक्का लगेच म्हणाली, "व्हय व्हय, दिसली मला." तिने हात वर केला. तिचं बोट भालकीकडेच होतं. तिकडे आकाशात काही नव्हतं.

तुमची आई खिदळली. आजोबाही हसले. मी हसता हसता थांबले, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती आमच्या आवाजांकडे कान देऊन हात पुन्हा बरोबर जागी न्यायचा प्रयत्न करत होती.

खाली उतरताना तिने नेहमीसारखा तुमच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटीला सांभाळून नेते म्हणून आम्ही याचंही कौतुक करत आलो होतो. त्या दिवशी मी पायऱ्यांवर मागे राहून बघितलं. धाकटी पाय टाकत होती आणि थोरली तिच्यामागून पायरी चाचपत होती. अंधारात ती जागची हलत नाही, लघवीलाही सोबत मागते, म्हणून आम्ही तिला भित्री म्हणायचो, तेही तेव्हाच आठवलं.

मी तिला न्हाणीघराजवळ बाजूला घेतलं. विचारलं, "तुला चांदणी दिसली न्हाई ना? मग दिसली कामून म्हणालीस?"

ती रडली नाही. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "दिसली असंच म्हणायचं असतंय की. आज्जीच्या उजेडासारखं. तुम्ही बी तसंच म्हणायलाव ना?"

तिला वाटत होतं की चालती चांदणी कोणालाच दिसत नाही. सगळी मोठी माणसं संध्याकाळी वर जाऊन रिकाम्या काळोखाकडे हात करून आनंदाने दिसली म्हणतात, आणि आपणही म्हणावं.

धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नाही. तिने एकही कधी बघितला नाही.

गावच्या डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला. म्हणाले, जीवनसत्त्व कमी पडलं आहे, मुलांना होतं, माशाच्या तेलाने जातं. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. मी बाटली पदराखाली घेऊन आले आणि आज्जीला काय सांगावं या विचारात दारातच उभी राहिले. आज्जीने वासावरून ओळखलं. म्हणाली, "गोठ्यात ठेव. तिथंच पाज. मी तिकडं बघणार न्हाई." दुसऱ्या दिवसापासून तीच सकाळी अक्काला हाताला धरून गोठ्यात नेऊ लागली. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि विचारायची, "गिळलीस का? सगळी गिळलीस का?" परत आली की आंघोळ करायची.

जोडीला शेवग्याचा पाला, गाजर, पपई. आणि संध्याकाळी माळवद. आता तिथे मजा राहिली नव्हती. आजोबा चांदणी दिसली की तिची मान दोन्ही हातांनी धरून तिकडे वळवायचे. "बघ, नीट बघ. आता? आता दिसली?" मी तिला बजावलं होतं की खरं तेच सांगायचं. ती म्हणायची, "न्हाई, अप्पा." आजोबा म्हणायचे, "उद्या दिसंल." कितीतरी संध्याकाळी असं चाललं. शेवटी आज्जी एकदा जिन्याखालून ओरडली, "लेकराच्या तोंडातून रोज न्हाई कामून वदवून घेतायलाव रे?"

मग आम्ही तिला हैदराबादला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत औषध घालून खोलीत अंधार केला आणि बारीक बत्ती धरून खूप वेळ बघितलं. मग दिवा लावला, माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही दोघं लग्नाआधीपासून नात्यात आहात का? मी इंग्रजीतच सांगितलं की हे माझ्या आईचे भाऊ. त्यांनी हातातली बत्ती टेबलावर ठेवली.

तुमच्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ते दखनीत विचारत होते, "क्या बोले साब? दवा लिखे क्या?" डॉक्टर माझ्याशीच बोलत राहिले. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काठाकडून काळे डाग धरले आहेत. ते हळूहळू मधल्या भागाकडे येतील. दिवसाचं दिसणं काही वर्षं राहील, पण आक्रसत जाईल. जीवनसत्त्वाशी याचा काही संबंध नाही, औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. एकाच रक्तातल्या लग्नांमध्ये हे जास्त आढळतं. एवढं झाल्यावर म्हणाले, तुमच्या पतींना समजावून सांगा.

शाळेत मी रोज मुलींना इंग्रजी वाक्याचं मराठी करायला लावायची. तिथे मला ते स्वतः करावं लागलं, अक्कासमोर, एकेक वाक्य. आजोबा मान हलवत ऐकत होते. नात्याचं वाक्य मी सगळ्यात शेवटी सांगितलं. ते ऐकून त्यांनी अक्काकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि मला क्षणभर आमच्या आजोळच्या अंगणातला मामा दिसला.

मग आम्ही परतीची बस धरली. जहीराबाद सोडून बीदर जवळ आलं तेव्हा अक्का खिडकीत ताठ बसली. "अप्पा, पंख्याचं." आजोबांनी मान वर केली नाही. त्यानंतर ते दुकानातूनही कधी बाहेर धावले नाहीत. संतपूरच्या म्हाताऱ्याने एकदा विचारलं, "मालक, विमानं बंद पडली का काय?" ते म्हणाले, "न्हाई. धोतर कुठलं दाखवू?"

आज्जीला सांगितलं तेव्हा ती आधी भांडली. "माझ्या आईचं बी मामाशीच झालं हुतं. तिला काय झालं गं?" मग रात्री जेवताना म्हणाली, "पोरगी परक्याच्या दारात जाऊन रडू नये म्हणून घरातच ठेवून घेतली मी तुला." मी तिच्या पानात भाकरी वाढली. मला तिच्यावर चिडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मुली तिच्या शेजारी पूजेला बसत राहिल्या, पण उजेड दिसला का, असं तिने त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

अक्का मोठी होत गेली तशी तिची नजर कशी कमी होत होती ते मला विमानांवरून कळायचं. आधी आवाजाकडे मान केली की विमान सापडायचं. मग शोधावं लागायला लागलं. मग सापडलं तरी लगेच निसटायचं आणि ती मान इकडे तिकडे फिरवत राहायची. म्हणायची, "दोऱ्याच्या रिळातून बघितल्यासारखं दिसतंय, अव्वा." पुढच्या वर्षी म्हणाली, रिळाचं भोक बारीक झालंय. मॅट्रिक तिने चांगल्या गुणांनी केली. कॉलेजात फळा दिसेना. मी घरी शेजारी बसून पुस्तकं वाचून दाखवायची, तरी तिने एका वर्षातच सोडून दिलं.

त्याच सुमाराला एक मोठं अवकाशयान कोसळणार, कुठे पडेल सांगता येत नाही, अशी बातमी आली. सगळं गाव घाबरून वर बघत फिरत होतं. आमच्या शेजारीण बाई तर दागिने अंगावर घालून बसल्या होत्या. अक्का त्यांना ओट्यावरून म्हणाली, "मावशी, तुम्ही निवांत झोपा. पडायला लागलं तर मला आधी ऐकू येईल, मी उठवते." सगळे हसले. मी आत येऊन पाणी प्यायले.

तिच्या लग्नाचं वय झालं तेव्हा आज्जी खूप थकली होती. तिने माझ्या धाकट्या भावाला राजेश्वरहून बोलावून घेतलं. मला म्हणाली, "परका कोण करून घेईल हिला? मामाच करील." भाऊ खाली बघत म्हणाला, "मी करतो, अक्का. माझी ना न्हाई." तो मला अक्का म्हणायचा. तुमचे आजोबा आणि मी, दोघांनीही नको म्हटलं. ज्या रीतीने तिचे डोळे नेले त्याच रीतीत तिला पुन्हा कसं घालणार? आज्जी म्हणाली, "मग दुसरं कोण येतंय ते तरी सांग." दुसरं कोणी आलं नाही.

अक्का दाराआड ऐकत होती. पुष्कळ वर्षांनी, आज्जी आणि तुमचे आजोबा दोघंही गेल्यावर, भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "मला विचारायचं तर एकदा. राजेश्वरच्या घरात कुठं काय ठेवलंय ते सगळं मला पाठ हुतं." पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा नकोच म्हणेन. तिचं म्हणणंही खरं आहे. ही दोन्ही वाक्यं माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही.

नव्वद सालाच्या आधीच्या एका हिवाळ्यात ती अंगणात ज्वारी पाखडत होती. आवाज आला, तिने मान वर करून उगाच शोधलं, आणि म्हणाली, "सापडलं गं. टाचणीएवढं हाय." मी हातातलं टाकून येईपर्यंत ते निसटलं. त्यानंतर तिला विमान सापडलं नाही. पुढे मोठी अक्षरं गेली. मग माणसांचे चेहरे गेले. तुमची आई लग्न होऊन गेली तेव्हा अक्काने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला, तुम्हाला तर तिने कधीच बघितलेलं नाही. तुमचे फोटो मी तिला वर्णन करून सांगते आणि ती कान देऊन ऐकते.

डॉक्टर म्हणाले होते की शेवटी कदाचित काहीच उरणार नाही. अजून तसं झालेलं नाही. दुपारी मी पुढचं दार उघडलं की ती मान त्या बाजूला वळवते. दार कुठे आहे आणि ते उघडं आहे की बंद, हे तिला उजेडावरून कळतं. एवढं अजून राहिलं आहे.